मौजे नव्हे, कसबे!

(दृश्य: डोंगरांनी वेढलेलं सपाट खोरं. मधोमध दगडी घरांचं गाव.)

स्पेनमधल्या पुचसर्दाहून गाडी निघाली की थोड्याच वेळात आपण फ्रान्समध्ये शिरतो. जेमतेम दोन किलोमीटर गेलो नाही, तर पुन्हा स्पेन! या पट्टीपलीकडे स्पेनचं एकच गाव आहे. ल्यिविया. कॅटलोनियातल्या सर्दान्या खोऱ्यात, १२०० मीटरहून अधिक उंचीवर. क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती दीड हजाराच्या घरात आणि चहूबाजूंनी फ्रान्स.

हे झालं एका शब्दामुळे.

(दृश्य: जुना नकाशा.)

१६३५ पासून फ्रान्स आणि स्पेन लढत होते. ७ नोव्हेंबर १६५९ रोजी बिदासोआ नदीतल्या एका चिमुकल्या बेटावर तह झाला. पिरेनीज पर्वत ही दोन राज्यांची हद्द ठरली. कागदावर सोपं होतं, पण सर्दान्याचं खोरं पडलं ऐन पर्वतरांगेत. ते कुणाचं? फ्रान्सला कारोलच्या खोऱ्यातून पलीकडे जायला वाट हवी होती. वर्षभर घासाघीस चालली. अखेर नोव्हेंबर १६६० मध्ये, खुद्द ल्यिवियात बसून, सर्दान्यातली ३३ गावं फ्रान्सला द्यायचं ठरलं.

गावं. म्हणजे आपल्या जुन्या दफ्तराच्या भाषेत ‘मौजे’. ल्यिविया मात्र मौजे नव्हतं. त्याला ‘विला’चा दर्जा होता, म्हणजे आपलं ‘कसबे’. आजूबाजूची गावं गेली, कसबा राहिला. फ्रेंचांनी अट एवढीच घातली की इथे तटबंदी उभारायची नाही.

(दृश्य: टेकडीवरचे पडके पाये.)

अट तशी उशिराच आली म्हणायची. गावावरच्या टेकडीवर मोठा किल्ला होता, पण तो १४७९ मध्येच फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या हुकुमाने पाडलेला. आज वर जाल तर उरलेत नुसते पाये. किल्ला राखू शकला नाही ते गाव दर्ज्याने राखलं! आणि हा मान काही तेव्हाच मिळालेला नव्हता. रोमन काळातही ही जागा नगर होती, यूलिया लिबिका नावाचं. उत्खननात त्या नगराच्या चौकाचे अवशेष सापडले आहेत.

(दृश्य: रंगीत लाकडी पेट्या, निळ्या नक्षीच्या बरण्या.)

इथलं आमचं आवडतं ठिकाण मात्र हे. एस्तेवे घराण्याचं औषधांचं दुकान, युरोपातल्या सर्वांत जुन्या दुकानांपैकी एक. आता ते गावाच्या संग्रहालयात आहे. १५९४ सालच्या कागदांत या घराण्याचा उल्लेख सापडतो. पेट्यांवर संतांची चित्रं रंगवलेली, आत जडीबुटी. बाहेर राज्यांच्या हद्दी सरकत राहिल्या, आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या खलबत्ता चालू राहिला.

(दृश्य: शेताच्या बांधावरचा हद्दीचा दगड.)

हद्दीची नीट आखणी व्हायला मात्र दोनशे वर्षं लागली. ती झाली १८६६ च्या बायोन तहानंतर. पुढे नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजांनी दक्षिण फ्रान्सही व्यापला, तेव्हा हे गाव नाझींच्या ताब्यातल्या मुलखाच्या मधोमध अडकलं होतं.

पण ल्यिवियाकर ज्या लढाईची आठवण रंगवून सांगतात, ती वेगळीच. पुचसर्दाकडे जाणारा रस्ता तहाने तटस्थ ठरवलेला. गावकऱ्यांनी त्यावरून विनाअडथळा जावं, असा करार. १९७० च्या दशकात फ्रेंचांच्या मोठ्या रस्त्याने तो छेदला आणि नाक्यावर ‘थांबा’च्या पाट्या लागल्या. थांबायचं ल्यिवियाकडच्या गाड्यांनी! गावकरी खवळले. आमच्या रस्त्यावर आम्हीच का थांबायचं? मग पाट्या उपटायचं सत्र सुरू झालं. फ्रेंचांनी लावायची, यांनी उपटायची.

शेवटी पूल बांधून दोन्ही रस्ते वरखाली केले.

(दृश्य: पुलाजवळून जाणारी गाडी. वेग कमी न करता ती ल्यिवियाकडे निघून जाते.)