फ्लॅश गॉर्डनचा रीमेक? नको रे बाबा!

अंतराळातला व्हिलन सम्राट मिंगला पृथ्वीवर संकटं पाठवायचीयेत, त्यासाठी त्याच्यापुढे बटणं आहेत आणि त्या बटणांवर चक्क लिहिलंय, भूकंप, चक्रीवादळ, गरम गारा. गरम गारा! आपण काय बघायला बसलोय ते इथेच कळतं.

हा १९८० चा साय-फाय पिक्चर, 'फ्लॅश गॉर्डन'. प्रोड्यूसर डिनो डी लॉरेंटिस, डायरेक्टर माइक हॉजेस, गाणी क्वीन बँडची. हिरो अमेरिकन फुटबॉलवाला, टीशर्टवर स्वतःचंच नाव, आणि मिंगच्या दरबारात तो सैनिकांना लोळवतो ते तलवारीने नाही, फुटबॉल खेळून, आणि हिरोईन बाजूला उभी राहून त्याला चिअर करतेय. शूटिंगनंतर हिरो सॅम जोन्सचं डिनोशी फाटलं म्हणून त्याचे बरेचसे डायलॉग दुसऱ्याच्याच आवाजात डब केलेत. अमेरिकेत पिक्चर फारसा चालला नाही, ब्रिटनमध्ये मात्र लोकांनी डोक्यावर घेतला.

आता रीमेकचं. आधी ब्रेक आयझनर, मग मॅथ्यू वॉन, मग २०१९ ला तायका वाइटीटी, डायरेक्टरांची नावं येतात, बातमी होते आणि दर वेळी फॅन्समध्ये जुंपते. एक गट म्हणतो हात लावू नका. दुसरा म्हणतो, अरे मूळ गोष्ट ॲलेक्स रेमंडची, १९३४ ची कॉमिक स्ट्रिप, आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ, मॅन्ड्रेकच्या जोडीला यायचा तो फ्लॅश, तो कुठे एवढा विनोदी होता, एकदा नीट सीरियस करा की. वाइटीटीचं नाव आल्यावर तर लोक म्हणाले, ह्याचा 'थॉर रॅग्नारॉक' ह्या झगमगीत, विनोदी सुपरहिरो पिक्चरमध्येच अर्धा फ्लॅश गॉर्डन करून झालाय!

सीरियसवाल्यांचं मला फारसं पटत नाही. २००७ ला टीव्ही सिरीज आली होती, रॉकेटं नाहीत, झगमगाट नाही, मिंगसुद्धा साध्या माणसासारखा, एका सीझनमध्ये गुंडाळली. आणि मुद्दाम कॅम्पी, म्हणजे भडक आणि अतिनाटकी, करायला गेलं तर अजून वाईट, कारण जुन्या पिक्चरमध्ये मॅक्स फॉन सिडो मिंग करतो तो शेक्सपिअर करतोय अशा थाटात, ब्रायन ब्लेस्ड पंखवाल्या माणसांचा राजा म्हणून पंख लावून छप्पर उडेल असं ओरडतो, आणि दोघांपैकी एकही 'ही सगळी गंमत आहे बरं का' असा प्रेक्षकांना डोळा मारत नाही. आजच्या पिक्चरमध्ये दर दोन मिनिटांनी कोणीतरी डोळा मारतंच.

एक गोष्ट मात्र बदलायलाच हवी आणि ती खुद्द मिंग. पिवळ्या कातडीचा क्रूर पूर्वेकडचा सम्राट आणि तो साकारणारा स्वीडिश नट, २०२० ला ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने पण त्यावर इशारा लावला. तेव्हा काही फॅन्स चिडले, पिक्चरवर प्रेम आहे हो, पण ह्यात चिडण्यासारखं काय होतं?

आणि तरीही रीमेक करायचाच असेल तर करा बापडे, पण त्या गरम गारांच्या बटणाला हात लावू नका.