पंप थांबला का?

मंडळी, मंडळाच्या या व्यासपीठावर आधी मधुमेह झाला, मग मृत्युपत्र झालं, आता माझा विषय ‘छोट्या विमानाची चाकं अडली तर’. क्रम बरोबर आहे. (हशा)

आमचं विमान पायपर ॲरो थ्री. चौघांत घेतलेलं. दादरला चौघांत टॅक्सी करावी तसं, फक्त हिचा मीटर हँगरमध्ये उभी असतानाही पळतो. उडाल्यावर चाकं आत घ्यायची, उतरताना बाहेर काढायची. बाहेर येऊन पक्की बसली की तीन हिरवे दिवे लागतात.

तर कॅलिफोर्नियातल्या सॅलिनसला उतरत होतो. खाली लेट्युसची शेतं, उतरायला आलेलं ऊन. धावपट्टीला समांतर, पूर्वेकडे तोंड करून चाललेलो, त्यामुळे ऊन मागच्या काचेतून थेट पॅनेलवर. चाकाच्या आकाराची ती छोटी दांडी खाली केली. चाकं हलवणाऱ्या तेलाच्या पंपाची घरघर, खाली धप्‌ धप्‌, मग शांत. आणि दिवा? एकही नाही.

शेजारून बायकोनं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” त्यावर तिनं पट्टा आवळला. (हशा)

टॉवरला सांगितलं, जरा बघा हो. धावपट्टीवरून अगदी कमी उंचीवर एक फेरी मारली. उत्तर आलं, तिन्ही चाकं खाली दिसतायत. पण दार लोटलेलं आहे की कडी लागली आहे, हे रस्त्यावरून कसं कळणार? मी घामाघूम. दुसऱ्या फेरीत हिनं पॅनेलवर वाकून ओंजळीनं सावली धरली आणि म्हणाली, “मग हे तीन हिरवे कसले?”

नॅव्हिगेशन लाइट, म्हणजे विमान इतरांना दिसावं म्हणून असलेले बाहेरचे दिवे, मी निघतानाच लावले होते. ते लावले की रात्री डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून हे हिरवे दिवे आपोआप मंद होतात. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: दिवे दिसले नाहीत तर आधी ते बटण बघा. मीही ते वाचलं होतं, परीक्षेपुरतं. घरी ही गोष्ट आता माझ्याआधी तीच सांगते.

पण मला खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. पंप आपणहून थांबला होता! तिन्ही चाकांचे स्विच ‘बसलो’ म्हणाले, की तो असा थांबतो. कानांना उत्तर मिळालं होतं, मी डोळे फाडून दिवे शोधत होतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आधी पंप ऐका.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो. पंप थांबला, चाकं अजून बसली नाहीत असं सांगणारा लाल दिवा विझला, पण तिन्हींतला एक हिरवा लागला नाही: बल्ब गेला. शेजारचा काढून तिथे लावून बघा, तिन्ही सारखेच असतात. पंप सुरूच झाला नाही: ब्रेकर उडालाय का बघा, एकदाच दाबा, पुन्हा उडाला तर त्याचं ऐका. पंप थांबतच नाही: एखादं चाक बसलेलं नाही, किंवा बसलंय पण स्विच कबूल करत नाही. आमच्या बाबतीत एका दुकानानं अख्खा पंप बदलायचा अंदाज दिला होता. दुसऱ्या मेकॅनिकनं विमान जॅकवर चढवलं, डाव्या चाकाचा स्विच चिंधीनं पुसला. चिखल! त्या अंदाजपत्रकाची मी फ्रेम करणार होतो, हिनं करू दिली नाही.

उडताना पंप दर थोड्या वेळानं कुरकुरत असेल तर तेलाचा दाब उतरतोय. ॲरोची चाकं वर अडकवायला आकडा नाही, नुसत्या तेलाच्या दाबावर तोललेली असतात. उतरल्यावर पोटाखाली लाल ओघळ शोधा. नसेल तर गळती आतल्या आत.

आणि काहीच जमलं नाही तर? वेग ८७ नॉटच्या खाली आणा, दोन सीटांमधली दांडी खाली दाबून धरा. दाब सुटतो, चाकं आपल्या वजनानं पडतात, पुढच्याला स्प्रिंगचा धक्का मिळतो. तरी कडी लागली नाही तर रडरनं, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूनं, शेपटी जोरात डावी-उजवी हलवा.

हो हो, वडे गार होतायत. बाकीचं रांगेत विचारा, मी चटणीपाशी उभा आहे.