रिकामा पाय, भरलेला पाय

[पहाट. धुकं. बुटांचे आवाज.]

कागदोपत्री हे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नाशिककरांच्या तोंडी मात्र गोल्फ क्लब. डिसेंबरात उजाडायच्या आत इथे कानटोप्या आणि मफलर फिरायला लागतात. कुणी भराभर चालतंय, कुणी धावतंय. या कोपऱ्यातली बारा-तेरा माणसं तेवढी जागच्या जागी उभी. नीट बघा, तीही हलताहेत. ताई ची चाललंय, संथ हालचालींचा चिनी व्यायाम.

[जवळून: पावलं.]

चेहऱ्यांकडे नंतर येऊ, आधी पाय बघू. डावी टाच टेकली, पण अंगाचा भार अजून उजव्यावरच आहे. आता तळवा टेकतोय, गुडघा किंचित वाकतोय, आणि एका वाटीतून दुसऱ्या वाटीत तेल ओतावं तसा भार डाव्यात उतरतोय. उजवा पाय पुरता हलका झाला की मगच उचलायचा. ‘ताई ची’मध्ये याला रिकामा पाय आणि भरलेला पाय म्हणतात. एरवी चालताना आपण पुढच्या पायावर स्वतःला टाकून देतो. इथे टाकायचं नाही, ठेवायचं. शिकवणाऱ्या ताई नवख्यांकडून सुरुवातीला फक्त एवढंच करून घेतात, हात कमरेवर ठेवून. कंटाळवाणं आहे. पण इथे कच्चं राहिलं तर पुढचं सगळं नुसते हातवारे.

[दुरून: सगळे एकत्र.]

आता हात. एक तळवा चेहऱ्यासमोरून सरकतोय, दुसरा पोटासमोरून. हातांना स्वतःचं असं काही काम नाही. कंबर वळते, तसे ते मागोमाग जातात. या हालचालीचं नाव ‘ढगांसारखे हात’. याआधी रानघोड्याची आयाळ दुभंगून झाली, पांढऱ्या करकोच्याने पंख उघडून झाले. अशा 24 हालचालींची ही माळ, संथ केली तरी पाच-सहा मिनिटांत संपणारी. 1956 साली चीनच्या क्रीडा आयोगाने ताई चीच्या यांग शैलीतल्या लांबलचक क्रमातून ती बेतली, साध्या माणसालाही शिकता यावी म्हणून.

मूळ विद्या लढाईची. हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात ती 17 व्या शतकापासून चालत आली, असं मानतात. 19 व्या शतकात यांग लुचान तिथे शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागला. आयाळ दुभंगणारा तो हात खरं तर समोरच्याचा तोल घालवून त्याला पाडायचा. गुलाबी स्वेटरमधल्या आजींना हे ठाऊक आहे. म्हणूनच त्यांचा हात तिथे जरा जास्त जोरात जातो.

योगासनं असताना हे कशाला, असं नाशकात कुणीतरी विचारणारच. ज्यांना मांडी घालता येत नाही, खाली बसलं की उठवायला माणूस लागतो, त्यांना हे उभ्याने जमतं. सतरंजी नको, उपकरण नको. मैदान तेवढं मोकळं राहायला हवं.

[जवळून: कानटोपीतले काका, डोळे अर्धे मिटलेले.]

काकांची हयात अंबडच्या कारखान्यात गेली, तीन पाळ्यांत. श्वासाकडे बघा. खांदे स्थिर, पोट फुगतंय, ओसरतंय. हात जेवढा वेळ खाली येतो, तेवढा वेळ श्वास बाहेर जातो. उच्छ्वास असा लांबला की नाडी संथ होते, ताणलेलं अंग सैल पडतं.

फायदा तपासलेलाही आहे. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, 195 रुग्णांचा अभ्यास झाला, 2012 साली प्रसिद्ध झाला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, पडणं कमी झालं. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.

[ऊन मैदानावर आलेलं.]

‘सोनेरी कोंबडा.’ एका पायावर.

काकांचा पाय टेकला. पुन्हा उचलला. टेकला. शेजारून धावणारा मुलगा मान वळवून बघत पुढे गेला.

पाय पुन्हा वर.

[निवेदन थांबतं. फक्त मैदानाचा आवाज.]