ओरिजित सेन : नदी, भिंत आणि शुक्रवारचा बाजार

(म्हापसा मार्केट, पहाट. आधी फक्त आवाज.)

शुक्रवार आहे. अजून नीट उजाडलंही नाहीये आणि म्हापशाच्या मार्केटबाहेर टेम्पो लागायला लागलेत. बार्देशातल्या गावागावांतून, पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडून माणसं येतात, टोपली उतरवतात, गोणपाट पसरतात आणि आपापल्या जागेवर बसतात. उघड्यावर बसणाऱ्यांच्या जागेला ना नंबर ना बोर्ड, पण कोण कुठे बसणार हे सगळ्यांना माहीत असतं.

ही मयड्याची केळी, आकार बघा. ह्या चोरीसाच्या, म्हणजे गोवन सॉसेजच्या, माळा. ही हरमलची मिरची. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर आलीये म्हणून ह्या बाजूला सगळं माटोळीचं, गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान आहे, कांगलां, घागऱ्या, आंबाडे, सुपारीचे घोस, ह्यातलं कितीतरी रानातून तोडून आणलेलं आणि वर्षात फक्त ह्याच दिवसांत इथे दिसणारं.

थोडा वेळ नुसतं बघूया.

(संगीत नाही. बाजाराचा आवाज चालू राहतो.)

ह्या बाजाराचा नकाशा काढायचं ठरवलं ते ओरिजित सेन यांनी. मोबाईलवर दिसतो तसला नकाशा नाही. कोण बसतं, काय विकतं, कुठल्या गावाहून आणतं, कुठल्या महिन्यात आणतं, त्या वस्तूला इथे काय म्हणतात, हे सगळं ज्यात दिसेल असा.

सेन मूळचे कोलकात्याचे, जन्म १९६३चा, शिकले अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, ग्राफिक डिझाइन. लोक त्यांना ग्राफिक नॉव्हेलवाले, म्हणजे चित्रांतून कादंबरी सांगणारे, म्हणून ओळखतात आणि ते बरोबरच आहे, पण कॉमिक्स, टीशर्ट, भिंतीवरचं म्युरल, मासिक, नकाशा असं एकामागून एक करत गेलेल्या माणसाला एका शब्दात बसवायचं कसं?

(टेबलावर पुस्तक. पानं हळूहळू उलटतायत.)

हे त्यांचं १९९४चं पुस्तक, 'रिव्हर ऑफ स्टोरीज'. भारतातलं पहिलं ग्राफिक नॉव्हेल म्हणून ह्याचं नाव घेतलं जातं. छापलं कल्पवृक्षनं, म्हणजे आपल्या पुण्यातही जिचं काम चालतं ती पर्यावरण संस्था. सगळं काळ्या-पांढऱ्यात. विष्णू नावाचा दिल्लीचा तरुण पत्रकार धरणाची बातमी करायला नदीच्या खोऱ्यात जातो, ही झाली एक गोष्ट, आणि दुसरी मालगू गायन नावाचा आदिवासी गायक गातो ती, की सृष्टी कशी झाली, रेवा म्हणजे नर्मदा कुठून निघाली. ह्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळत जातात. इथे थांबा, हे पान नीट बघा. पत्रकाराची गोष्ट चालू आहे तोवर रेघ कशी कडक, शाईची, आणि गाणं सुरू झालं की चित्राची जातच बदलते, सगळं मऊ होतं, सावल्यांचं होतं. दोन जगं शेजारी आहेत आणि एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, हे एका वाक्यातही लिहिलेलं नाही, ते फक्त रेघेतून कळतं. म्हणूनच मला वाटतं की हे काम कॉमिक्सलाच जमणारं होतं.

पुस्तकातल्या धरणाचं नाव रेवासागर आहे, पण खोरं नर्मदेचंच. सेन त्या काळात तिथे फिरले, नर्मदा बचाओ आंदोलनाच्या मोर्च्यांत चालले. आपल्याकडची ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात येणार होती, त्यातलं अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली अगदी पुढचं, तेव्हा नंदुरबार जिल्हा झालाच नव्हता, मणिबेली धुळ्यात होतं, आणि लोक 'डूबेंगे पर हटेंगे नहीं' म्हणत घर सोडायला तयार नव्हते. एका डिझायनरला अशा ठिकाणी जाऊन काय सापडलं असेल तर गाणं सापडलं. भिलाला आदिवासींचं गायन. अर्ध पुस्तक त्याच्यावर उभंय.

पुढे पुस्तक बरीच वर्षं मिळतच नव्हतं. २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं ते पुन्हा काढलं, अरुंधती रॉय यांच्या प्रस्तावनेसह. मधल्या काळात, २०१७ मध्ये, धरणाचं लोकार्पण झालं, उंची १३८.६८ मीटर.

(दिल्ली, कनॉट प्लेस, रीगल बिल्डिंग.)

पुस्तकाच्याही आधी, १९९० मध्ये, सेन आणि गुरप्रीत सिद्धू यांनी इथे पीपल ट्री सुरू केलं होतं. दुकान म्हणायचं तर दुकान, पण टीशर्टवर झाडं, नद्या, अणुबॉम्बला विरोध, असलं काहीतरी छापलेलं. ज्याला गॅलरीत जायला वेळ नाही तो चित्र अंगावर घालून बसमध्ये चढतो आणि समोरचा ते वाचतो.

(आनंदपूर साहिब. इमारत बाहेरून.)

विरासत-ए-खालसा, शिखांच्या इतिहासाचं संग्रहालय, २०११ मध्ये उघडलेलं, इमारत वास्तुरचनाकार मोशे सफदी यांची. हा जो होडीसारखा भाग दिसतोय त्याच्या आत भिंतभर पंजाब रंगवलाय, सेन आणि त्यांच्या टीमनं. आपण बाहेरूनच पुढे जातोय. २०१२ मध्ये पाओ कलेक्टिव्ह ह्या कॉमिक्स करणाऱ्यांच्या गटातल्या मित्रांसोबत कॉमिक्सचा संग्रह, नंतर मुलांसाठी 'कॉमिक्सेन्स' मासिक.

(पुन्हा म्हापसा. दहा वाजलेत.)

गोवा विद्यापीठात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या नावाचं अध्यासन आहे, त्यावर सेन व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून आले आणि त्यांनी वर्ग थेट ह्या बाजारात आणला. आता बाजाराचा नकाशा काढणं म्हणजे काय, ते जरा इथे उभं राहून बघा. वरून काढलात तर नुसत्या छत्र्या दिसतात. समोरून काढलात तर माणूस दिसतो पण त्याच्या शेजारी कोण आहे ते जातं. मग रांग मोजायची, पावलं मोजायची, कुंभाराची मडकी कुठून सुरू होतात आणि सुकी मासळी कुठे लागते ते टिपायचं. आणि मुख्य म्हणजे विचारत बसायचं, कारण आजची रांग उद्या नसते, शुक्रवारची तर नसतेच, शिवाय माटोळीची ही आख्खी गल्ली चवथ झाली की गायब होते, मग ती नकाशात धरायची की नाही? धरायची. वेळसुद्धा काढायला लागते. ह्यातून चित्रं झाली, नकाशे झाले, कॉमिक्स झाली.

आमचं स्पष्ट मत आहे की रस्त्यावर बसणारी ही माणसं अडथळा नाहीत, बाजार म्हणजे तीच आहेत. ज्याला पटत नाही त्यानं एक शुक्रवार इथे काढावा.

अकरा वाजता पाऊस आला. कोणी उठलं नाही, छत्र्या उघडल्या एवढंच.

(दुपार. पाऊस थांबलेला.)

ह्या आजींची केळी संपली. त्यांनी टोपली उचलली, छत्री मिटली, मग गोणपाट झटकून घडी घातली.

खाली चौकोनी सुकी जमीन आहे. बाजूला सगळं ओलं.