हरण्या आणि पावणेदोन लाखांचा पेपर

हे चोपडा तालुक्यातलं केळीचं शेत. ऑगस्ट चालू आहे, चार दिवसांपासून ऊन नाही, नुसती झडी. हे कोवळं पान जरा उजेडात धरून बघा, पिवळे पट्टे दिसतात ना? पुस्तकात याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात, आपल्याकडे हरण्या. एकदा झाडाला लागला की औषध नाही, झाड उपटायचं आणि लांब नेऊन गाडायचं, बस.

हे जे झाड उपटतायत ते भाऊ तालुक्याच्या कॉलेजात बॉटनी शिकवतात, शेत वडिलांचं. तीन पावसाळे त्यांनी हा रोग पसरवणारा पानामागचा मावा मोजला, कोणाच्या बांधाला काकडी, कुठे तण माजलंय, रोग कोणत्या कोपऱ्यातून आत शिरला, सगळं या वहीत, चिखलाच्या बोटांसकट.

मग यावर रिसर्च पेपर लिहिला. संशोधन छापणाऱ्या पहिल्या जर्नलने सहा दिवसात परत पाठवला, म्हणे विषय फारच स्थानिक आहे. आता जळगावची केळी स्थानिक आणि फ्लोरिडाचं संत्र जागतिक, असो. दुसऱ्या जर्नलकडे सात महिने गेले, इंग्रजी सुधारा म्हणून दोनदा मेल आला, आणि त्या सुधारण्यात हरण्या हा शब्दच उडाला. शेवटी पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला, घरी पेढे आले, आणि संध्याकाळी दुसरा मेल, पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा असं वाटत असेल तर दोन हजार डॉलर भरा. म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. आपल्याकडे जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळवणाऱ्या पोराला महिन्याला 37,000 मिळतात, घ्या हिशोब करून. नेचर या नावाजलेल्या जर्नलने तर 2021 मध्ये याच कामाचे 9,500 युरो लावले होते. आणि पेपर तपासणारे प्रोफेसर बहुतेक फुकटच तपासतात बरं का. फी माफी असते, पण ती मुख्यतः एकदम गरीब देशांना, भारत त्या यादीत सहसा नसतो. पैसे नसतील तर पेपर छापतात, पण कुलुपात, म्हणजे वाचणाऱ्याने पैसे भरायचे.

वाचण्यासाठी सरकारने जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलं, म्हणजे जर्नल वाचायचे पैसे संस्थांसाठी सरकारच भरतं, तीन वर्षांना 6,000 कोटी, 30 पब्लिशर, जवळपास 13,000 जर्नल. चांगलंच आहे. पण पहिल्या टप्प्यात सरकारी संस्था, आणि भाऊंचं कॉलेज खाजगी संस्थेचं.

इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर रोज मेसेज, 1,500 रुपयात तीन दिवसात पेपर, सर्टिफिकेट फ्री. त्यातल्या इंटरनॅशनलचं स्पेलिंगही चुकलेलं. तरी लोक भरतात, कारण प्रमोशनच्या फाईलला पेपर लागतो आणि तो कोणी उघडून बघेलच असं नाही.

दुसरा रस्ता नाही असं नाही. ब्राझीलने 1998 ला सायेलो नावाचं ऑनलाईन व्यासपीठ सुरू केलं, सरकारी पैशावर तिथली जर्नलं नेटवर फुकट, पोर्तुगीजमध्येसुद्धा. आपल्याकडे केळीवरचं मराठीत कोण छापणार?

भाऊंनी कुलूपवाला पर्याय घेतला. वडिलांनी विचारलं, "तुना पेपर आठे कोन वाची रे?" म्हणजे तुझा पेपर इथे कोण वाचणार. त्या रात्री भाऊंनी एक पान मराठीत टाईप केलं, वर मोठ्या अक्षरात हरण्या, आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. पहाटे पाचला पहिला रिप्लाय, टिश्यू कल्चरची रोपं आणली तेव्हा व्हायरस तपासला होता का सर?

हा बघा, वहीच्या शेवटच्या पानावर तो प्रश्न लिहून ठेवलाय.