शेठजींची आमराई

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी-मार्चचा पगार घरात येतो तो कात्री लागूनच, हे तुम्हाला मी काय सांगायचं! त्यातच व्यवसाय करही असतो. १९७५ साली रोजगार हमीसाठी सुरू झालेला. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. त्याहून जास्त घ्यायला राज्यघटनेचीच मनाई. म्हणजे बँकेतला कारकून भरतो तेवढाच त्याच बँकेचा वरचा साहेब भरतो. असो.

आज बोलायचंय ते करावर भाषणं देणाऱ्या धनवंतांबद्दल. अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे, त्यांनी २०११ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, आम्हा अतिश्रीमंतांवर कर वाढवा. स्वतःचा आकडाही दिला: करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के. त्यांच्याच ऑफिसातली बाकी मंडळी भरत होती ३३ ते ४१ टक्के. यात लबाडी नव्हती. पगारापेक्षा शेअरच्या नफ्यावर दर कमी, कायदाच तसा. पुढे २०२१ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकन शोधपत्रकारिता संस्थेनं करनोंदी उघड केल्या. २०१४ ते २०१८ या काळात बफेंची संपत्ती २,४३० कोटी डॉलरनं वाढली, आयकर गेला २.३७ कोटी. शंभर डॉलरमागे दहा सेंट! शेअर विकलाच नाही, तर कर कशावर लावणार? विकलं नाही, कर नाही.

पण बफेंनी आकडा निदान स्वतःहून सांगितला. आमचे शेठजी ऐका.

मी तेव्हा फोर्टात एका सीएंकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करत होतो. दादरच्या एका मंडळानं आमच्या एका अशिलाचा सत्कार ठेवला आणि भाषण लिहायचं काम आलं माझ्याकडे. 'कर बुडवणारा देश बुडवतो' हे वाक्य माझं. शेठजींना इतकं आवडलं की दोनदा म्हणाले, टाळ्याही दोनदा. (सत्कारातला नारळ घरी फोडला की हमखास नासका निघतो, हा आपला माझा अनुभव.)

दुसऱ्या दिवशी त्यांचीच फाइल माझ्या टेबलावर. कर्जतच्या जमिनीतून आंब्याचं उत्पन्न, नऊ लाख. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, ठाऊकच आहे तुम्हाला. साहेब म्हणाले, "जा, बघून ये."

सकाळची कर्जत लोकल, पुढे रिक्षा. राखणदारानं बाग दाखवली. कलमं माझ्या गुडघ्याएवढी! श्रोतेहो, गुडघ्याएवढी. विचारलं, "काका, आंबे?"

"येतील की. चार-पाच वर्षांनी या."

परत येतो तो ऑफिसात शेठजींची पेटी हजर, वर चिठ्ठी: 'आमच्या बागेतले'. साहेबांनी पेंढा बाजूला सारला. पेटीच्या फळीवर निळ्या शाईत छापलेलं, देवगड. (लोक हापूस हापूस करतात, पण आमरसाला पायरीच. माझं मत.)

साहेब काही बोलले नाहीत. ती फळी उचकटून फाइलीवर ठेवली. संध्याकाळी शेठजी आले.

"काय, आंबे कसे होते?"

"गोड होते. हे नऊ लाख कुठून आले, तेवढं लिहून द्या."

शेठजींनी फळीकडे पाहिलं, फाइल काखेत मारली आणि दुसरा सीए गाठला. फळी मात्र आमच्याकडेच राहिली. खिडकीला टेकू म्हणून पुढे दोन पावसाळे कामाला आली.