चावी फिरवण्याआधी

(दृश्य: कार्यशाळा. पुढून चेपलेली मोटार. भोवती प्रशिक्षणार्थी, हातांत मोजे.)

ही मोटार आता पुन्हा रस्त्यावर धावणार नाही. बॉनेट दुमडलंय, एअरबॅग फुटून लोंबताहेत. पण हिच्या आत अनेक छोटे संगणक आहेत आणि धडकेच्या आधी काय घडलं, याची नोंद त्यांतल्या काहींत शाबूत असू शकते. ती बाहेर काढायला शिकण्यासाठी ही मंडळी इथे जमली आहेत.

पहिला धडा हात आवरण्याचा आहे. चावी फिरवायची नाही.

इग्निशन चालू झालं की गाडीतली कंट्रोल युनिट्स, म्हणजे हेच छोटे संगणक, जागी होतात आणि नव्या नोंदी लिहू लागतात. डॅशबोर्डवरची यंत्रणा जवळपासचे फोन शोधायला लागते. काही गाड्यांत तर नुसतं दार उघडल्याचीही वेळ नोंदली जाते. गाडीला स्वतःचं सिमकार्ड असेल, तर ती नेटवर्कला जोडली जाऊन दुरूनच माहिती पुसली जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी फोटो काढायचे, गाडी कोणत्या स्थितीत मिळाली ते लिहायचं, आणि मगच विजेचं काय करायचं ते ठरवायचं. केलेल्या प्रत्येक कृतीपुढे वेळ टाकायची.

(दृश्य: दोन सीटांमधलं प्लास्टिकचं आवरण निघतं. खाली धातूचं चपटं खोकं.)

हे एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल. बहुतेक मोटारींत ते असं मधोमध, जमिनीच्या पत्र्याला घट्ट बोल्ट केलेलं असतं, कारण गाडीला बसलेला हिसका त्याला जसाच्या तसा जाणवायला हवा. एअरबॅग उघडायची की नाही, हे ते काही मिलिसेकंदांत ठरवतं. माणसाचा जीव वाचवणं हे त्याचं मुख्य काम. नोंद ठेवणं त्यासोबत येतं; ती ठेवणाऱ्या भागाला रेकॉर्डर म्हणतात. धडकेत बॅटरीची तार तुटली, तरी आतल्या कपॅसिटरमधल्या विजेवर ते दोन्ही कामं पुरी करू शकतं. याच साठलेल्या विजेमुळे, बॅटरी सोडवल्यावरही उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय एअरबॅगच्या तारांच्या पिवळ्या कनेक्टरना कुणी हात लावत नाही. न फुटलेली एअरबॅग तोंडासमोर उघडली, तर गंभीर इजा होते.

अमेरिकेत सप्टेंबर २०१२ पासूनच्या हलक्या गाड्यांत असा रेकॉर्डर असेल, तर त्यात किमान काय असावं हे नियमाने ठरलेलं आहे: धडकेआधीची ५ सेकंदं, दर अर्ध्या सेकंदाला वेग, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, शिवाय चालकाचा पट्टा लावलेला होता का, हेही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे २० सेकंदं आणि सेकंदाला १० नोंदी असा वाढीव नियम जाहीर झाला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत असा रेकॉर्डर सक्तीचा आहे.

(दृश्य: टेबलावर पकडीत आवळलेलं मॉड्यूल. केबल जोडली जाते.)

गाडीची वायरिंग धड असेल, तर स्टिअरिंगखालच्या पोर्टमधून वाचन होतं. ती तुटली असेल, तर मॉड्यूल काढून थेट केबल लावावी लागते. ते पकडीत आवळलंय, कारण वीज चालू असताना ते हललं किंवा आपटलं, तर तो हिसका त्याला नवी धडक वाटू शकतो. एअरबॅग उघडल्याची नोंद सहसा कायमची कुलूपबंद होते; पण एअरबॅग न उघडलेल्या धक्क्याच्या नोंदीवर नवी नोंद चढू शकते.

आणि मग पडद्यावर आकडे येतात. या प्रशिक्षणाचा खरा कस इथे लागतो, असं आम्हाला वाटतं.

एक प्रशिक्षणार्थी म्हणते, "वेग एकदम उतरला. म्हणजे गाडी जवळजवळ थांबलीच होती." प्रशिक्षक विचारतात, "गाडी थांबली होती, की चाकं?" रेकॉर्डरमधला वेग बहुधा चाकांच्या फिरण्यावरून काढलेला असतो. जोरात ब्रेक लागून चाकं जाम झाली, तर गाडी घसरत पुढे जात असते आणि आकडा मात्र कमी दिसतो. ब्रेकच्या रकान्यात "चालू" असेल, तर पेडल दाबलं होतं एवढंच कळतं. किती जोराने, ते नाही. एखाद्याची शिक्षा या रकान्यावर ठरू शकते. घाई करून चालणार नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली सर्किट बोर्ड. हॉट एअरची नळी.)

डॅशबोर्डच्या यंत्रणेत वेगळीच माहिती सापडते: जोडलेल्या फोनची नावं, कॉलच्या नोंदी, शोधलेले पत्ते, काही गाड्यांत दारं आणि गिअरच्या हालचालीही. केबलने वाचता आलं तर उत्तम. नाहीच जमलं, तर मेमरी चिप बोर्डवरून उतरवावी लागते. बोर्ड सावकाश तापवायचा, खालचं सोल्डर वितळेपर्यंत धीर धरायचा, चिप ओढायची नाही. उष्णता जास्त झाली तर माहिती गेली. म्हणून सराव भंगारातल्या बोर्डांवर, हात बसेपर्यंत. चिपमधल्या माहितीची हुबेहूब प्रत निघाली की तिचं हॅश मूल्य, म्हणजे त्या माहितीवरून गणिताने काढलेला तिचा ठसा, नोंदतात. पुढे एक बिट जरी बदलला, तरी ते मूल्य जुळत नाही.

डॅशबोर्डच्या या माहितीत कधीकाळी गाडीत बसलेल्या अनोळखी लोकांचे संपर्कही असतात. तपासाच्या परवानगीत जे नाही, ते उघडायचं नाही. शिवाय फोन गाडीत होता म्हणजे फोनचा मालकच गाडी चालवत होता, असं सिद्ध होत नाही.

(दृश्य: प्रशिक्षक बंद पाकीट फोडतात.)

आदल्या दिवशी प्रशिक्षकांनी दुसरी एक गाडी ठरलेल्या मार्गाने चालवली होती. कुठे थांबलो, कोणतं दार उघडलं, किती वाजता, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं. आता गटांनी काढलेल्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहतात. थांबे जुळतात. तारीख मात्र जवळपास वीस वर्षं मागची! जीपीएसचा जुना संदेश आठवडे १०२४ पर्यंतच मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं होतं. हा फरक हिशेबात घेतल्यावर तारीख बसते, पण एका गटाच्या वेळेत अजून एक तासाचा फरक उरतोच. तो गट पुन्हा मूळ प्रतीकडे वळतो, घड्याळाची सेटिंग कुठे साठवली आहे ते शोधायला.